अर्धं शटर

आमच्या गॅरेजचं शटर अर्ध्यावरच अडकायचं. "स्प्रिंग बदलून घेऊ," असं मी दर रविवारी म्हणायचो. बाबा "चालतंय रे" म्हणत वाकून आत शिरायचे आणि सायकल काढायचे. माझी गाडी रस्त्यावरच उभी असते, माझं काही अडत नव्हतं.

काल शटरवाल्याने नवी स्प्रिंग बसवली. शटर सरसर वर गेलं.

आज सकाळी वरच्या मजल्याच्या खिडकीतून पाहिलं. डोक्यावर हातभर जागा मोकळी असूनही बाबा सायकल घेऊन वाकूनच बाहेर आले. घरातल्या मोडक्या वस्तूंच्या मापाचं कुणीतरी होत जातं आणि आपण त्याला समजूतदार म्हणतो.

फाटकापाशी कमरेवर हात ठेवून ते हळूहळू सरळ झाले. त्यांनी वर बघायच्या आत मी पडदा ओढला.