बिनकाट्याचे गळ

मलकारीचा फोन आला तेव्हा मी वाती वळत बसले होते. कुंभारीच्या पुढं त्याचं शेत आहे, शेताच्या खालच्या अंगाला एक पाझर तलाव आणि तलावाच्या काठावर पाण्यात वाकलेलं उंबराचं जुनं झाड. दरवर्षी उन्हाळ्याच्या तोंडी त्याचा असा फोन यायचाच. मी ‘हॅलो’ म्हणायच्या आत तो सुरू झाला, “काकू, काकांस्नी सांगा, उंबर पिकलाय. खाली गवत्या मासा नुस्ता धिंगाणा घालायलाय. उद्याच या म्हनावं, वारं बी न्हाय.” त्याला कुणी कळवलंच नव्हतं. पाहुण्यारावळ्यांना, कारखान्यातल्या जुन्या माणसांना, सगळीकडं फोन गेले. तलावावरच्या माणसाला कळवायचं कुणाच्या डोक्यात येणार? मी म्हटलं, “मलकारी, काका गेले रे. महिना होऊन गेला.” पलीकडं त्यानं पाण्याची मोटार बंद केल्याचं ऐकू आलं. मग तो म्हणाला, “काय बोलता काकू...” आणि जरा थांबून, तेवढं सांगितलंच पाहिजे असं वाटल्यासारखं, “उंबर लई पिकलाय वो या वर्षी.” फोन ठेवला आणि महिनाभरात रडले नव्हते तेवढी रडले.

आमचे हे, गुरुनाथ, श्रीपूरला साखर कारखान्यात केमिस्ट होते. निवृत्त झाल्यावर आम्ही सोलापुरात घर केलं. मी शाळेत शिवण-कशिदा शिकवायचे. घर लिंगायत, आणि नावापुरतं नव्हे. रोजची लिंगपूजा, सोमवार, श्रावण सगळं पाळणारं. घरात अंड्याचं टरफलसुद्धा कधी आलं नाही. अशा घरातल्या माणसाला मासे धरायचा नाद लागावा, म्हणजे बघा! कारखान्यातल्या लोकांबरोबर आम्ही एकदा हिमाचलात सहलीला गेलो होतो. बाकीचे सगळे गरम भजी खात बसले आणि हे नदीकाठी एका म्हाताऱ्या फौजीकडं बघत उभे. तो गुडघाभर पाण्यात उभा राहून हवेत पिवळा दोर नाचवत होता. भजी गार झाली, बस सुटायची वेळ झाली, यांचा पाय निघेना. पुढच्या वर्षी घरात एक लांबट डबा आला. मला वाटलं छत्री असेल. उघडला तर चार तुकड्यांची काठी.

झालं की मग भांडण. माझी आई तेव्हा होती, अक्कलकोटकडची, जिभेला हाड नसलेली. तिनं एका वाक्यात निकाल दिला, “गळ्यात लिंग न् हातात गळ, शोभतं का जावईबापूंना?” मी विचारलं, “मासा मारणार तुम्ही?” म्हणाले, “मारणार नाही. धरणार आणि सोडणार.” म्हटलं, “सोडायचाच तर धरायचा कशाला? त्या मुक्या जिवाला दुखवायचं कशाला?” दुसरा कुणी असता तर त्यानं चार इंग्रजी पुस्तकांतलं सांगितलं असतं. हे एवढंच म्हणाले, “माहीत नाही गं. पण तू एकदा चल. एकदा बघ, मग पाप म्हण.” मी काही गेले नाही. त्यानंतर दर वेळी निघताना चपला घालता घालता ते तेवढंच म्हणायचे, “चल की एकदा.” मी म्हणायचे, “जावा, जावा, तुमचं तुम्ही.” किती वर्षं हे चाललं, त्याचा हिशेब नको.

त्या मासेमारीची तऱ्हा न्यारी. गळाला किडा नाही, कणीक नाही. गळावर पिसं आणि दोरे बांधून माशीसारखं काहीतरी करायचं, त्याला माशीच म्हणायचं, आणि ती अल्लाद पाण्यावर टाकायची. माशीला वजन नसतं, वजन दोराला. म्हणून काठी मागं न्यायची, तिथं थांबायचं, दोर पाठीमागं सरळ होईपर्यंत धीर धरायचा आणि मगच पुढं आणायची. “सगळी मेख त्या थांबण्यात आहे,” असं हे सांगायचे. सोलापुरात नळाला पाणी यायची मारामार, तिथं सरावाला पाणी कुठून आणणार? मग आमच्या गच्चीवर, गळाऐवजी लाल लोकरीचा गोंडा बांधून यांचा सराव चालायचा. लोकर फरशीवर ठेवलेल्या स्टीलच्या ताटलीत पडली पाहिजे. मी दोरीवर कपडे वाळत घालत असायचे आणि माझ्या ओल्या चादरींवरून तो दोर सूं सूं करत जायचा. शेजारच्या बाईंनी एकदा मला हळूच विचारलं, “साहेब कावळे हाकलतात का हो?” मी म्हटलं, “व्हय, पापड घातलेत की!” काय सांगणार दुसरं!

भांडण मिटलं ते एका कागदाच्या पुडीवरून. मटण मार्केटातून कोंबड्याच्या मानेची पिसं घेऊन आले हे, माशा बांधायला! मी पुडी जशीच्या तशी बाहेर फेकली आणि तिथल्या तिथं अटी घातल्या. या घरात कोंबडीचं पीस येणार नाही. सोमवारी काठीला हात लावायचा नाही. आणि तिसरी अट गळाची. गळाच्या टोकाजवळ एक बारीक उलटा काटा असतो. मासा एकदा अडकला की तो काटा त्याला सुटू देत नाही. “तो काटा पकडीनं दाबून सपाट करायचा,” मी म्हटलं. “माशाला जायचं असेल तर जाता आलं पाहिजे. एवढं करणार असाल तर माशा मी बांधून देते.” हे माझ्याकडं बघतच राहिले. अहो, तुमच्या त्या जाड बोटांनी कधी नीट गाठ बसणार होती का? मी आयुष्यभर पोरींना कशिदा शिकवला होता.

मग टेबलाच्या कडेला बोटभर उंचीचा व्हाईस, म्हणजे धरून ठेवायचा चिमटा, आवळून बसला. गळ त्यात धरायचा आणि वर दोरा गुंडाळायचा. पिसांऐवजी मी चादरीच्या दशा वापरल्या, टॉवेलाचे गोंडे, माझ्या जुन्या इरकली लुगड्याच्या काठाचं रेशीम. काटा दाबायचं काम यांचं, बांधायचं माझं. मात्र मी आधी तपासणार. गळ वातीच्या कापसात खुपसायचा आणि ओढायचा. नुसता आला तर ठीक. कापूस सोबत आला, तर काटा अजून शिल्लक आहे. तसा एखादा निघाला की मी आतून हाक मारायची, “अहो, हा राहिला की!” आणि बाहेरच्या खोलीतून यायचं, “आण इकडं.” आमच्या घरातलं ते रोजचंच बोलणं झालं होतं, कुकरच्या शिट्टीसारखं.

मलकारीच्या तलावात त्यानं गवत्या सोडला होता. हा मासा पाण्यातलं गवत खातो, पाला खातो, आणि उंबर पिकलं की झाडाखाली जमून पडतील ती फळं गिळतो. यांनी घरी येऊन मला हे सांगितलं तेव्हा मी हसत सुटले. शाकाहारी घर, शाकाहारी मासा! मग मी चादरीच्या तांबड्या सुताचं गोल उंबर बांधलं, देठाशी पिवळा टाका घातला. “हे अलगद टाकायचं नाही,” हे म्हणाले, “उंबर पडतं तसं टप्पदिशी पडलं पाहिजे. आवाजाला येतो तो.” त्या पहिल्या उंबराला त्यांना गवत्या लागला. घरी आले ते पोराटोरासारखे. मलकारीला मात्र हे सगळं येडेपणाचं वाटायचं. “काका, धरायचं आन परत सोडायचं? देवळाची घंटी वाजवायची आन देवाला न बगताच पळायचं, तसं झालं की ह्ये!” यावरही हे नुसते हसले. भांडायला माणूस मिळाला की दोन शब्द बोलावेत, तर ते नाही.

मग कंपवात आला. आधी उजवा अंगठा, मग हात, मग चालणं. चेहरा सुकत गेला आणि आवाज तर इतका बारीक झाला की शेजारच्या खुर्चीतून बोललेलंही मला दोनदा विचारावं लागायचं. मी चिडायचे. “मोठ्यानं बोला की!” आणि मग स्वतःलाच वाईट वाटायचं. त्यांना बारीक तंगुसाची, त्या नायलॉनच्या दोऱ्याची, गाठ मारता येईना, चहाचा कप धरता येईना. काठी डब्यात गेली. चपला घालता घालता विचारायची वेळच येईना, कारण त्यांच्या पायात चपला मीच घालत होते. गेल्या उन्हाळ्यात मलकारीचा फोन आला, उंबर पिकलाय म्हणून. हे ऐकत होते. त्या लांब डब्याकडं बघत राहिले. मला ते बघवेना. मी म्हटलं, “चला, मी येते.” त्यांना वाटलं मी चेष्टा करतेय.

रिक्षा करून गेलो. मलकारीनं पाण्याच्या कडेला प्लॅस्टिकची खुर्ची मांडली. गाठ मी मारली. हे उठून उभे राहिले, काठी मागं नेली, पण थांबणं जमेना. हात थरथरत होता, दोर मागं सरळ व्हायच्या आधीच पुढं आला आणि बाभळीत गुंतला. मलकारीनं सोडवला. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा यांनी काठी माझ्यापुढं धरली. “तू टाक.” मी म्हटलं, “काहीतरीच काय! माझ्या गळ्यात लिंग आहे.” म्हणाले, “माझ्याही आहे.” एवढी वर्षं कपडे वाळत घालता घालता मी तो दोर बघत आले होते ना... काठी मागं नेली, थांबले, पुढं आणली. सुताचं उंबर खऱ्या उंबराशेजारी टप्पदिशी पडलं. मी स्वतःच चपापले. पाण्यात एक मोठी सावली वळली आणि दोर ताणला. “वर! काठी वर! दोर सैल सोडू नको!” हे ओरडले. ओरडले हो! दोन वर्षांत तो आवाज मी ऐकला नव्हता. बिनकाट्याच्या गळाचं असं असतं, की दोर जरा सैल पडला की मासा मोकळा. मला सैल सोडणं अगदी सोपं होतं, आणि माझ्या आईच्या हिशेबानं तेच पुण्य होतं. मी नाही सोडला. दंडातून कळा निघाल्या, पदर चिखलात पडला, पण मी तो मासा यांच्यापर्यंत आणला.

यांनी आधी दोन्ही हात पाण्यात बुडवले. कोरड्या हातानं माशाला कधी शिवायचं नाही, हा यांचा नेम. मलकारीनं हाताला धरून पाण्यात उतरवलं होतं त्यांना. गळ नुसत्या बोटानं सुटला. मग त्यांनी पोटाखाली हात धरून त्या माशाला पाण्यातच आधार दिला. हात थरथरत होते, पाणीसुद्धा थरथरत होतं, आणि मासा मात्र गेला नाही. कल्ले हलवत तसाच त्या हातांवर विसावला. धरून ठेवलंच नव्हतं त्याला कुणी. काही वेळानं शेपूट हलली आणि तो खाली निघून गेला. माझ्या तोंडून आईची कानडी निघाली, “होगली बिडु.” म्हणजे जाऊ दे, सोड. मलकारीला कानडी येते, तो हसला. हे खुर्चीत बसले, ओले हात मांडीवर ठेवले आणि मला विचारलं, “पाप वाटलं का?” आयुष्यभर याच एका उत्तरासाठी ते मला चल म्हणत होते. खोटं कशाला बोलू? मी म्हटलं, “वाटलं.” त्यांनी मान हलवली. मग मी म्हटलं, “पण पुढच्या वर्षी उंबर पिकलं की परत येऊ.” तेव्हा ते हसले. सुकलेल्या चेहऱ्यावर नीट उमटत नव्हतं, पण मला कळलं.

थंडीत छातीत कफ भरला तो हटलाच नाही. दवाखान्यात सगळे जण मला समजावत होते, फार हाल झाले, आता जाऊ द्या त्यांना, तुम्ही मन घट्ट करा. मी त्या थरथरत्या हाताखाली हात धरून बसले होते. माशाला म्हणाले तेवढ्या सहज ‘होगली बिडु’ काही तोंडातून निघालं नाही. शेवटी हात थांबला, तेव्हा ते गेले हे मला कळलं. इतके दिवस तो हात एकदा थांबू दे म्हणून देवाला सांगत होते मी... असो.

मलकारीचा फोन ठेवल्यावर मी डोळे पुसले आणि टेबलाचा खण उघडला. तलावावर जाईन की नाही ते ठाऊक नाही, पण एक उंबर बांधावं असं वाटलं. गळांचा डबा काढला. मला वाटलं होतं नवे गळ तसेच पाकिटात असतील. पण पाकिटं फोडलेली होती. डबा भरून गळ, आणि सगळ्यांचे काटे दाबलेले. काहींची टोकंच मोडली होती, काही वाकडे झाले होते, तेही टाकून न देता एका कोपऱ्यात ठेवलेले. मग आठवलं, शेवटच्या दिवसांत दुपारी बाहेरच्या खोलीतून पकडीचा आवाज यायचा. मी आत पडलेली असायचे. मला वाटायचं, डॉक्टरांनी बोटांना व्यायाम सांगितलाय, तो चाललाय. चहाचा कप न धरता येणाऱ्या हातांनी हा माणूस माझी अट पाळत बसला होता. पुढं मी बांधायला बसेन, आणि दाबून द्यायला कुणी नसेल, म्हणून.

वातींचा कापूस समोरच होता. मी एकेक गळ कापसात खुपसून ओढत गेले. नुसता आला. पुढचाही नुसता आला. किती तरी झाले. मग एकाबरोबर कापूस आला, एवढासाच, पण आला. आणि सवयीनं मी मोठ्यानं हाक मारली, “अहो, हा राहिला की!”

हाक बाहेरच्या खोलीपर्यंत गेली. मी खरंच वाट बघितली. पकड हाताशीच होती, मला दाबता आला असता तो काटा. पण ते काम माझं नव्हे. गळ तसाच, कापसासकट, त्यांच्या खुर्चीपुढं ठेवलाय.