बसू नका म्हटलं की बसणारं विमान

कोथरूडच्या मैदानावर रोज फिरायला येणारे ते कानटोपीवाले आजोबा माझं रिमोटचं विमान उतरताना थांबून बघत. नाव विचारायची मला कधी हिंमत झाली नाही. विमान खाली येऊ लागलं की तेही गुडघ्यांत वाकत, जणू तेच उतरतायत. माझं विमान मात्र चाकं टेकताच बेडकासारखं वर उडायचं. मग मी घाबरून त्याचं नाक खाली दाबायचो आणि प्रोपेलर मोडायचा.

उरलेला शेवटचा प्रोपेलर लावला, तेव्हा ते जवळ आले.

"अहो, बसा बसा करत त्याच्या अंगावर काय जाताय? अशानं पाहुणा उठतोच. त्याला सांगा, बसू नका."

मी विमान उडवलं, एक फेरी मारून खाली आणलं आणि मोटर मंद केली. विमान जमिनीपासून वीतभर उरलं, तशी रिमोटची दांडी हलकेच मागे ओढून त्याचं नाक जरा उचलत म्हणालो, "बसू नका. इतक्यात नको." शेजारी आजोबा वाकलेले. विमान तरंगत राहिलं, त्याचा वेग ओसरला आणि ते दमून अलगद टेकलं. उडी नाही, काही नाही. मी मैदानभर नाचलो.

"पुरे," आजोबा म्हणाले. "आता पाणी विचारा."

मी खरंच बाटली घेऊन विमानाकडे धावत सुटलो.