उजव्या चाकाचा किंगपिन

तारीख दोन ऑगस्ट, शनिवार. सकाळी ०६:४० ला नाशिकजवळच्या आमच्या कॅम्पमधून निघालो.

हजर: मी, हवालदार, व्हेईकल मेकॅनिक. नायक दादाजी बागुल, ड्रायव्हर, सटाण्याकडचा. लान्स नायक थॉमस, नर्सिंग असिस्टंट, केरळचा. पेठला चढले ते पोलीस पाटील गावितकाका, वाट दाखवायला. रेडिओच्या दुसऱ्या टोकाला, पेठमध्ये, कॅप्टनसाहेब. आणि एक जीप. माझ्या नोकरीपेक्षा दोन वर्षांनी जुनी.

शनिवार हा आमच्याकडे मेंटेनन्स परेडचा दिवस. गाड्या ओळीने उभ्या राहतात. ड्रायव्हर हवा, पाणी, तेल बघतो, ग्रीस गनने सांध्यांमध्ये ग्रीस भरतो. मेकॅनिक तपासतो आणि लॉगबुकात सही करतो. त्या शनिवारी परेड झाली नाही. पेठच्या डोंगरात तीन दिवस पाऊस थांबला नव्हता. रस्त्यावरच्या मोऱ्या वाहून गेल्या होत्या आणि प्रशासनाने लष्कराची मदत मागितली होती. ट्रक जाऊ शकत नाही अशा जंगलवाटेने आम्हाला एका पाड्यावर पोहोचायचं होतं. तिथे मंजुळा नावाची बाई रात्रीपासून बाळंतपणात अडली होती. तिला पेठला आणायचं. पुढे नाशिकपर्यंत न्यायला रुग्णवाहिका उभी होती.

कॅम्पच्या गेटमधून वळतानाच बागुल म्हणाला, "उस्ताद, स्टेअरिंग जड शे."

फौजेत मेकॅनिकला उस्ताद म्हणतात. बागुल मराठी चांगलं बोलायचा, पण गाडीविषयी बोलताना त्याची अहिराणी बाहेर यायची. रजेवरून आल्यापासून, म्हणजे तीन आठवडे, तो ही तक्रार करत होता. मी टायरची हवा पाहिली होती. स्टेअरिंग बॉक्समध्ये तेल भरलं होतं, त्याचा अ‍ॅडजस्टिंग स्क्रू थोडा सैल केला होता. हे सगळं गाडी उभी असताना. एकदाही स्वतः चालवून पाहिली नाही. लॉगबुकात 'ओके' लिहिलं.

मी म्हणालो, "पंधरा दिवस रजेवर बायकोच्या हातचं खाल्लंस. हात नरम पडले तुझे."

मागे थॉमस हसला. बागुलही हसला. "रजेवर चाळीतला कांदा भरत होतो, उस्ताद. या एकदा सटाण्याला. चार गोणी उचला, मग बोला."

१०:३० ला पाड्यावर पोहोचलो. वाटेत एक नाला लागला. पाणी चाकाच्या मध्यापर्यंत होतं. गाडी निघाली. थॉमसने झोपडीत जाऊन मंजुळाला तपासलं आणि पाच मिनिटांत बाहेर आला.

"उस्ताद, बच्चा आडा है. यहाँ कुछ नहीं होगा. जल्दी."

तिला मागे आडवं झोपवलं. सासू उशाला बसली. ११:०५ ला निघालो.

परतीची वाट उताराची. पहिल्या दोन वळणांवर बागुल अर्धा उभा राहून स्टेअरिंग ओढत होता. तिथे मला पहिल्यांदा एक गोष्ट दिसली, जी कॅम्पमध्ये दिसायला हवी होती. वळण संपलं की स्टेअरिंग आपोआप सरळ यायला हवं. ते येत नव्हतं. वळवायला जेवढा जोर, तेवढाच परत आणायला. ११:४० ला तिसऱ्या वळणावर चाक अडलं. बागुल ब्रेकवर उभा राहिला. डाव्या हाताला दरी, आणि पुढचं चाक कडेपासून दोन फुटांवर.

"नही वळत, उस्ताद," तो म्हणाला. दोन्ही हात अजून स्टेअरिंग ओढत होते. कांदा भरणारे हात.

मी रेडिओ घेतला. कंट्रोल म्हणजे पेठचे कॅप्टनसाहेब, वन थ्री म्हणजे आम्ही.

"कंट्रोल, वन थ्री. गाड़ी बंद नहीं, स्टेअरिंग जाम. ओव्हर."

"वन थ्री, कितना टाइम? ओव्हर."

"एक घंटा, सर. ओव्हर."

"पेशंट के पास एक घंटा है? ओव्हर."

मी थॉमसकडे पाहिलं. तो मंजुळाच्या नाडीवर बोट ठेवून घड्याळ बघत होता.

"वन थ्री, दूसरी गाड़ी नहीं है. ठीक करो. आउट."

मी वही काढली. घाईत मी नेहमी लिहितो. लिहिलं नाही तर हात आधी चालतात आणि डोकं मागून येतं. चार ओळी लिहिल्या: टायर. बॉक्स. रॉड. किंगपिन.

गावितकाकांनी फळी आणली. तिच्यावर जॅक ठेवून पुढचा अ‍ॅक्सल उचलला. दोन्ही चाकं हवेत आली. बागुलने स्टेअरिंग फिरवून पाहिलं. तेवढंच जड. म्हणजे टायर आणि चिखलाचा दोष नाही. पहिली ओळ खोडली.

मग बॉक्सच्या ड्रॉप आर्मपासून ड्रॅग लिंक सोडवली. स्टेअरिंग बॉक्सचा जोर चाकांपर्यंत नेणारा हा रॉड. त्याचा नट गंजलेला. दोन हातोड्यांनी दोन्ही बाजूंनी एकाच वेळी ठोकल्यावर सुटला. "आता फिरव." बागुलने एका बोटाने स्टेअरिंग फिरवलं. बॉक्स निर्दोष होता. तीन आठवडे मी त्याच्याच मागे होतो.

गाडीत मंजुळा ओरडली. सासू म्हणाली, "अहो साहेब, गाडी हाय का काय हाय ही? उचलून नेली असती तर पोचलो असतो."

मग दोन चाकांना जोडणारा टाय रॉड सोडवला. सांधा हाताने हलवला, मोकळा होता. आता प्रत्येक चाक वेगळं झालं. उजवं चाक मी दोन हातांनी धरून वळवलं. जड, पण वळलं. डावं चाक बागुलने आणि मी मिळून धरलं. जमिनीत पुरल्यासारखं.

पुढचं चाक ज्या उभ्या खुंटावर डावीउजवीकडे वळतं, तो किंगपिन. त्याला ग्रीस द्यायला वर आणि खाली एकेक छोटं निपल असतं. डाव्या चाकाचा चिखल मी पुसला. निपलवर लाल टिकली होती.

ही टिकली आमचीच. वार्षिक इन्स्पेक्शन आलं की आम्ही गाडी रंगवतो. चॅसी काळी, बॉडी हिरवी आणि प्रत्येक निपलवर लाल ठिपका, साहेबांना लांबून दिसावा म्हणून. ठिपका निपलच्या भोवती द्यायचा असतो. घाईत तो निपलवरच दिला जातो. तीन इन्स्पेक्शन, तीन थर. तोंड बंद. शनिवारी ग्रीस गन लावली की ग्रीस आत न जाता कडेने बाहेर यायचं. ते पुसायचं. बाहेरून सगळं ताजं, चकचकीत दिसायचं. त्याखाली माझी सही.

बागुलनेही ते पाहिलं. पाना माझ्या हातात दिला.

दोन्ही निपल काढली. भोकांत जुनं ग्रीस वाळून डांबरासारखं झालं होतं. तारेने जेवढं निघालं तेवढं काढलं. आत तेल घालायला काही नव्हतं, ग्रीस गन एवढ्या घट्ट ठिकाणी शिरत नव्हती. थॉमसने विचारलं, "सिरिंज चलेगी?" त्याने मोठी सिरिंज दिली. तिच्यात डिझेल आणि इंजिन ऑइल अर्धंअर्धं भरून मी वरच्या भोकात दाबलं. बागुल आणि गावितकाका चाक पुढेमागे हलवत राहिले. इंचभर. पुन्हा सिरिंज. दोन इंच. मी मोठ्याने मोजत होतो, कारण मोजलं नसतं तर मागचा आवाज ऐकू आला असता. चाळीसच्या पुढे लालसर गंजाचं पाणी खालून ठिबकायला लागलं. साठला चाक कचकन सुटलं.

गावितकाका चिखलात बसले आणि म्हणाले, "आता फिरतंय बघा. माझ्या म्हाताऱ्या गुडघ्यात पण भरा थोडं."

निपल स्वच्छ करून बसवली. ग्रीस भरलं, खालून नवं ग्रीस बाहेर येईपर्यंत. तेवढ्यात थॉमस माझ्या मागे येऊन उभा राहिला.

"उस्ताद, बस. अभी निकलो."

उजव्या निपलवरही लाल टिकली होती. मी पाहिली होती. त्याला अजून वीस मिनिटं लागली असती. मी रॉड जोडले, नट आवळले आणि वहीत लिहिलं: 'उजवा किंगपिन, परतल्यावर.' १२:३५ ला निघालो.

वाटेतल्या नाल्याचं पाणी वाढलेलं होतं. बागुलने तो तिरका कापून पार केला. १३:५० ला पेठ. मंजुळाला रुग्णवाहिकेत ठेवलं. थॉमस तिच्याबरोबर गेला. संध्याकाळी निरोप आला: ऑपरेशन झालं, मुलगी झाली, दोघी ठीक. बागुलला हे कळलं नाही.

१४:१० ला कॅप्टनसाहेबांनी दुसरा हुकूम दिला. त्याच नाल्यापलीकडे दोन म्हातारी माणसं आणि एक लहान मुलगी घराच्या छपरावर अडकली होती. गाडीत जागा हवी होती म्हणून मी उतरलो. गावितकाका वाट दाखवायला बसले.

बागुलने इंजिन चालू ठेवून विचारलं, "उजवं करता का, उस्ताद?"

मी घड्याळ पाहिलं. "आल्यावर करू. चालेल."

"चालंलच. डावं लोण्यासारखं चालतंय." मग म्हणाला, "पण लॉगबुकात हात नरम म्हणून लिहू नका."

१४:५५ ला रेडिओवर गावितकाकांचा आवाज आला. त्यांना ओव्हर म्हणायचं माहीत नव्हतं. ते फक्त "साहेब, साहेब" म्हणत होते.

नंतर त्यांनी मला सांगितलं ते असं. गाडी नाल्याच्या मध्यावर होती. वरून एक झाड वाहत आलं. बागुलने स्टेअरिंग उजवीकडे ओढलं. झाडाने गाडीला डावीकडून धक्का दिला. गाडी कलंडताना त्याने काकांना दरवाजातून बाहेर ढकललं. एका दगडाला धरून काका वाचले. छपरावरच्या तिघांना दुसऱ्या तुकडीने संध्याकाळी उतरवलं. बागुल दुसऱ्या दिवशी सकाळी खालच्या वळणावर सापडला.

मी काकांना एकच विचारलं, "चाक वळलं होतं का?"

"दोन हातांनी धरून होता, साहेब. वळलं नाय का पाण्यानं ढकललं, मला नाय सांगता यायचं."

कोर्ट ऑफ इन्क्वायरी झाली. मला विचारलं, "स्टेअरिंग रिपेअर किया था?" मी म्हणालो, "यस सर." पुढचा प्रश्न आला नाही. मीही पुढचं वाक्य बोललो नाही. निष्कर्ष निघाला: पाण्याचा जोर, झाड, कर्तव्यावर मृत्यू. तो चुकीचा आहे असं मी म्हणत नाही. तो बरोबर आहे की नाही, हे त्या एका निपलमुळे मला कधीच कळणार नाही.

आता मी निवृत्त आहे. पिंपळगाव बसवंतला शेतमाल भरून पाठवणाऱ्या एका पॅकहाउसच्या टेम्पोंची देखभाल बघतो. तिथे निपलजवळ रंगाचा ब्रश नेलेला मला चालत नाही. ड्रायव्हरने जड म्हटलं की मी आधी त्याच्या शेजारी बसून गाडी चालवायला लावतो. पोरं म्हणतात, उस्ताद लय किरकिरे आहेत.

दर वर्षी दोन ऑगस्टला मी सटाण्याला बागुलच्या घरी जातो. त्याचा फोटो कांद्याच्या चाळीसमोरच्या खोलीत आहे, गणवेशातला. वहिनी जेवायला वाढतात. निघताना मी त्यांच्या ट्रॅक्टरच्या पुढच्या सांध्यांत ग्रीस भरतो, दोन्ही बाजूंना, नवं ग्रीस बाहेर येईपर्यंत. मागच्या वर्षी वहिनी दारात उभ्या राहून म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही गाडी नीट केली म्हणून ती बाई तरी वाचली. ते नेहमी म्हणायचे, उस्ताद हाय तोवर गाडीची काळजी नाही."

मी हात पुसले आणि निघालो.

ती वही माझ्याकडे आहे. त्या पानावर टायर, बॉक्स, रॉड खोडलेले आहेत. किंगपिनपुढे 'डावा' लिहून बरोबरची खूण आहे. त्याखालची ओळ तशीच आहे. तिच्याखाली मी नंतर आणखी एक ओळ लिहिली: 'वहिनींना उजव्या बाजूचं सांगणे.'

तिच्यापुढे खूण नाही.