ती जेवली का?

शेजारच्या खोलीतून सुक्या बोंबलांचा वास आला आणि मला तारापूरची काकी आठवली. काका होडीसकट बुडाले, त्याच्या पुढच्या वर्षी ती बांबूवर बोंबील वाळत घालायची आणि मी तिला कादंबरी वाचून दाखवायचे. नायिका नवऱ्याचं घर सोडून एकटी निघाली, तिथे मी हरखून थांबले.

"ती जेवली का?" काकीनं विचारलं.

मी हसले. "काकी, गोष्टीत कोनी जेवत नाय. बघ ना, कसली धीट हाय!"

"घर सोडायला कसला धीर? एकटीचं ताट वाढून घ्यायला लागतो."

तेव्हा मला तिचा रागच आला होता.

बोईसरच्या या खोलीत माझं आता चौथं वर्ष. नवऱ्याच्या घरातून मी एका दुपारीत निघाले. जेवते मात्र अजून ओट्यापाशी, उभ्यानंच.