माणिकताईंचं संत्रं

जेवण झाल्यावर दानवले पडवीतल्या खाटेवर आडवे होतात खरे, पण झोप म्हणाल तर ती पापणीवर येऊन बसते, आत काही शिरत नाही. जानेवारीचं ऊन पायांवर आहे, अंगावर घोंगडी आहे, आतून शेवंताबाईंच्या भांड्यांचा आवाज येतोय. माणसाला आणखी काय लागतं? पण मनात चोर असला की गादीसुद्धा टोचते, आणि दानवल्यांच्या मनात आज चांगला कुंडीएवढा चोर आहे.

झालंय काय, ते आधी सांगायला हवं. हा गृहस्थ जन्मभर नगरपालिकेच्या पंपावर पाणी सोडत आला, निवृत्त झाला आणि झाडांच्या नादी लागला. तेही चारचौघांसारखं गुलाब-शेवंती नाही. महाबळेश्वरात वेण्णा तळ्याच्या अंगाला, जिथं थंडीत पहाटे दवाचं बर्फ होतं, तिथं याला ताड लावायचेत, संत्री लावायचीत! हिमालयातला केसाळ बुंध्याचा एक ताड त्यांनी बियांपासून वाढवलाय. शेवंताबाई त्याला 'तुमचं अस्वल' म्हणतात. बरं, असली वेडी माणसं एकेकटी नसतात. त्यांचा फोनवर एक गट आहे, 'थंडीतली झाडं' नावाचा. कुणी चिखलदऱ्याचा, कुणी निफाडचा, एक सांगलीकर तर पार मनालीत दुकान टाकून बसलेला. सगळ्यांनी एकमेकांना बिया पाठवायच्या. पैसे घ्यायचे नाहीत, आभार मानायचे नाहीत, मानले तर म्हणे बी उगवत नाही. बी आलं की आपल्याकडचं बी जायचं, एवढाच कायदा.

माणिकताई बोरस्ते त्यातल्या निफाडच्या. निफाडची थंडी म्हणजे दरवर्षी पेपरात येणारी थंडी. त्यांच्या परसात त्या थंडीला भीक न घालणारं एक संत्र्याचं झाड होतं. त्याच्या बिया त्यांनी दानवल्यांना धाडल्या, ओल्या फडक्यात गुंडाळून, कारण संत्र्याचं बी वाळलं की मेलं. यांनी उलट ताडाच्या बिया धाडल्या. तिथून पुढे कैक वर्षं फोन. रोज नाही, पण गारठा पडला की हटकून. "भाऊ, पारा किती?" "ताई, तुमच्यापेक्षा एक कमी!" एवढ्यावर दोघंही दिवसभर खूश. भेट मात्र कधीच नाही. फोटो पाठवायचे तेही झाडांचेच. नवरात्रात माणिकताई अचानक गेल्या. मुलाने घर वाढवायला काढलं, त्यात परसातलं झाड पाडलं. आता त्या झाडाचं पिल्लू जगात एकच उरलंय, दानवल्यांच्या अंगणातल्या कुंडीत, कमरेएवढं. ते न्यायला माणिकताईंची मुलगी वृषाली आज येतेय.

आणि दानवल्यांनी ते मारून ठेवलंय.

थंडीत ते रोज तिन्हीसांजेला झाडावर गोणपाट घालतात. गेल्या आठवड्यात एका दिवशी मुद्दाम घातलं नाही. का? तर पानांवर बर्फ धरलेला फोटो गटावर टाकायचा होता. 'निफाडचं संत्रं, महाबळेश्वरात उघड्यावर!' टाकला, वाहवा झाली. दुपारी पानं शिजवल्यासारखी झाली. मग गळायला लागली, ती झाडाच्या नुसत्या काड्या होईपर्यंत. वृषालीला मात्र फोनवर हे म्हणाले, "झाड मस्त आहे, ये तू." आता त्या काड्या अडगळीच्या खोलीत पोत्याआड आहेत आणि फाटकाशी तेवढ्याच उंचीचं एक हिरवंगार जंबेरी मांडलंय. जंबेरी म्हणजे कलमं बांधायला खुंट म्हणून लावतात ते आंबट, रांगडं लिंबू. पोरगी बँकेत नोकरी करते, तिला काय कळतंय? असं दानवले मनाला चौथ्यांदा सांगतात आणि कूस बदलतात.

"भाऊ, पारा किती?"

दानवले डोळे उघडतात. की उघडत नाहीत, कुणास ठाऊक. खाटेच्या पायथ्याशी एक बाई मांडी घालून बसलीय. चेहरा काही ठरत नाही. एकदा वाटतं, आपली थोरली बहीण, एकदा वाटतं, बाजारातली स्ट्रॉबेरीवाली. आवाज मात्र एकच आहे, आणि तो फोनमधला आहे.

"माणिकताई?"

"मग कोण? असे टकमका बघू नका हो. तुम्हाला माझं तोंड ठाऊक नाही, मला तुमचं नाही. मला तर वाटायचं, तुम्हाला चांगली झुपकेदार मिशी असणार."

"होती. पांढरी झाली तशी काढली."

"अरेरे," माणिकताई म्हणतात. खरंच वाईट वाटल्यासारखं म्हणतात.

दानवले उठून बसतात, तो पडवीला भिंत नाही. हा वाईचा एसटी स्टँड आहे. फलाटांवर गाड्यांऐवजी कुंड्या लागल्यात आणि त्यांचा ताड कंडक्टरसारखा दारात उभा राहून सगळ्यांना आत घेतोय. कुणाला त्याचं नवल वाटत नाही. माणिकताईंच्या मांडीवर ओलं फडकं आहे. त्या ते सारखं चाचपून बघतात, वाळलं तर नाही ना म्हणून.

"पावसाळ्यात पुन्हा धाडलेल्या ताडाच्या बिया उगवल्या का हो, ताई? तुम्ही काही बोलला नाहीत."

"दोन आल्या की! सांगणार होते. आज करू, उद्या करू म्हणता म्हणता फोन राहिला." त्या फडकं बाजूला ठेवतात. "माझं संत्रं दाखवता ना?"

दानवल्यांना नाही म्हणायचं असतं. पण पाय चालायला लागतात. ते फाटकाकडे निघतात आणि पोचतात पंपावर. मोटर घरघरतेय, लोखंडी पाइपांतून पाणी चढतंय आणि मोटरीवर जंबेरीची कुंडी ठेवलीय. इथं नोकरीत त्यांनी कुणाला कधी पाण्याचं खोटं सांगितलं नव्हतं.

"हे बघा," ते म्हणतात. "कसं मस्त आहे!"

माणिकताई एक पान खुडतात, चुरगळतात, नाकाशी नेतात. आणि हसायला लागतात. रागावत नाहीत बरं का. पदर डोळ्यांना लावेपर्यंत हसतात, आणि त्याने दानवल्यांना जास्तच मेल्याहून मेल्यासारखं होतं.

"भाऊ! अहो, जंबेरी! माझ्या लेकीच्या गळ्यात जंबेरी मारता होय?"

"ताई, मी मारलं हो तुमचं झाड." आता त्यांना बोलणं आवरत नाही. "गोणपाट घातलं नाही. मुद्दाम नाही घातलं."

"फोटोसाठी?"

"फोटोसाठी."

"पारा किती होता?"

"शून्याच्या खाली एक."

"अगंबाई!" आवाजात कौतुक आहे, लपवलं तरी लपत नाही. "आणि फोटो चांगला आला?"

"आला."

"मग मला नाही दाखवला तो?"

"तुम्ही गेला होतात ना, ताई."

"हां," माणिकताई म्हणतात. "तेही खरंच."

मोटर बंद पडते. पाणी थांबल्यावर जी शांतता होते, तीत ते दोघं आता एका परसात आहेत. दानवल्यांनी हे परस पाहिलेलं नाही, पण हे निफाडच, कारण गारठा ओळखीचा आहे. मधोमध ताजा कापलेला बुंधा आहे, शेजारी वाळूचा ढीग, विटा. माणिकताई बुंध्यावर बसतात.

"तुमचं झाड पाडलं त्यांनी," दानवले म्हणतात. "मला फार लागलं, ताई. तुम्ही गेल्याचं कळलं तेव्हा मी रडलो नाही. झाड पाडल्याचं कळलं, त्या दिवशी जेवलो नाही."

"नातू मोठा होतोय, त्याला खोली नको? राहू द्या. झाडाने पुष्कळ दिलं." त्या बुंध्यावरून हात फिरवतात. "तुम्ही मला एक सांगा. पानं गळली, का वाळून तशीच चिकटून राहिली?"

"गळली. हात लावायची खोटी, की खाली."

"देठासकट?"

"देठासकट."

"मग रडताय काय असे? मेल्या फांदीला पान टाकायचं बळ नसतं, भाऊ. ते तसंच वाळून लोंबत राहतं. पान टाकायचं तर झाड जितं लागतं."

आता हे काय दानवल्यांना ठाऊक नाही? गटावर त्यांनीच दहा जणांना शिकवलंय, फोटोंवर बाण काढून काढून. पण दुसऱ्याच्या झाडाला लावलेलं शहाणपण वेळेवर आपल्या झाडाला आठवेल, तर तो माणूस कसला!

"जरा नखाने साल खरवडून बघा. आत हिरवं असलं तर आहे."

"नको," दानवले म्हणतात.

"का?"

"आत तपकिरी निघालं तर? आता निदान पोत्याआड आहे. बघितलं की संपलं."

 पहिल्यांदाच माणिकताईंचा चेहरा ठरतो. साधा, दमलेला, कानात खड्याच्या कुड्या असलेला चेहरा. दानवल्यांना वाटतं, हाच असणार, दुसरा कुठला शोभलाच नसता.

"निघालं तपकिरी तर निघालं," त्या म्हणतात. "वृषालीला खरं सांगा. ती रडेल, तुम्हाला दोन शब्द बोलेल, चहा घेईल आणि जाईल. पण खोटं झाड घातलंत ना तिच्या पदरात, तर जन्मभर त्याला पाणी घालत बसेल. आईचं म्हणून. असं करू नका हो, भाऊ."

दानवल्यांच्या मांडीवर कुंडी आहे. केव्हा आली, कळत नाही. काड्या, काटे, खाली कोरडी माती.  माणिकताई त्यांचा हात धरतात, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, आणि अंगठा खोडावर नेऊन ठेवतात. त्यांची बोटं गार आहेत.

"ताई, भेट झाली एकदाची."

"झाली. आभार मानाल तर खबरदार. बी उगवायचं नाही."

दानवले हसतात, डोळे मिटतात आणि नख दाबतात.

"अहो! उठा की! काय मेलं घोरताय, पाहुणी दारात आलीय!"

शेवंताबाई खांदा हलवताहेत. ऊन पायांवरून उतरून अंगणात गेलंय. घोंगडी अंगावर तशीच आहे, तळव्यांना माती नाही. अडगळीच्या खोलीची कडी लावलेली इथूनही दिसते. फाटकाशी पस्तिशीची एक बाई, खांद्याला पर्स, जंबेरीपुढे वाकून उभी आहे. अगदी हळू, दोन बोटांनी ती एक पान पुसतेय.

"काका, हेच का आईचं?" ती विचारते, आणि आवाज थेट माणिकताईंचा, फोनमधला.

'हो' म्हणायचं ठरलेलं आहे. जिभेवर आलेलंसुद्धा आहे. दानवले डोळे चोळायला हात वर नेतात आणि तिथंच थांबतात. हाताला संत्र्याचा वास येतोय, साल सोलताना उडतो तसला. ते उजेडात अंगठा धरतात. नखाखाली सालीचा एक ओला कीस अडकलाय.

ते तसेच अनवाणी अंगणात उतरतात. मागून शेवंताबाई "चपला!" म्हणून ओरडतात.

"नाही पोरी. ते जंबेरी आहे, तुला फसवायला मांडलं होतं. तुझ्या आईचं आत आहे. त्याला पान एक नाही, बर्फाने गेली सगळी, आणि चूक निव्वळ माझी आहे." त्यांना धाप लागते. "तू मला काय बोलायचं ते बोल. पण आधी हे बघ."

वृषाली त्यांनी पुढे केलेल्या अंगठ्याकडे बघते. मग वाकते, वास घेते. तशीच थोडा वेळ वाकलेली राहते. नखाखालचा कीस हिरवा आहे, चांगला हिरवागार.

"कुठंय ते, काका?" ती म्हणते, आणि पर्स तिथंच मातीत ठेवते. "चला, दाखवा मला."