बाईच्या ताकदीचा नियम

मोहोपाड्याच्या एका कारखान्यात वडील ऑपरेटर होते. आम्ही कॉलनीमागच्या चाळीत राहायचो. मी नववीत असताना समोरच्या बंगल्यात एक साहेब आले, परदेशात काही वर्षं काढून आलेले. त्यांच्या मुलाने तिकडून एक खेळ आणला होता. एक जाड इंग्रजी पुस्तक आणि वीस बाजूंचा फासा. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी तिच्यातली माणसं व्हायचं, कुणी योद्धा, कुणी जादूगार. आपण काय करणार ते बोलून दाखवायचं आणि ते जमलं की नाही हे फाशाने ठरवायचं.

मी म्हटलं, मी योद्धा.

त्याने पुस्तक उघडून एका तक्त्यावर बोट ठेवलं. "चालेल. पण बाईची ताकद इथपर्यंतच. पुढचे आकडे पुरुषांचे."

"कुणी ठरवलं?"

"पुस्तकातच आहे."

माझी आई पळसदरीची. कापणीला माहेरी गेली की भाताचा भारा डोक्यावर घेऊन ती बांधावरून झपाझप चालायची आणि मागून मामा विडी ओढत रिकाम्या हाताने यायचा. तो तक्ता करणाऱ्याने हे पाहिलेलं नव्हतं, एवढं मला कळलं.

"मग मी दुसरं पुस्तक लिहिते," म्हटलं आणि घरी आले.

दोनशे पानी वही घेतली. वीस बाजूंचा फासा कुठून आणणार? चिंचोके फोडले. पाच अर्धे टाकायचे, जितके पांढरी बाजू वर करून पडतील तितके गुण. नियम मराठीत लिहिले. ताकद म्हणजे किती ओझं किती लांब नेता येतं ते. बाई की पुरुष हा प्रश्नच नाही. मंत्र एका दमात म्हणायचा, हसू आलं तर तो फुकट गेला. चाळीतल्या तिघी रोज दुपारी खेळायला यायला लागल्या.

एकदा वर्गात सरांनी वही पकडली. चार पानं चाळून म्हणाले, "पुन्हा करणार नाही, असं लिहून दे."

"लिहिणार नाही, सर."

सरांनी कोरा कागद पुढे केला. मी लिहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी वडिलांना बोलावलं. पहिली पाळी संपवून ते तसेच आले, कपड्यांना केमिकलचा वास. सरांनी वही पुढे केली. सातवी शिकलेला माणूस. एकेक ओळ सावकाश, उभ्यानेच वाचत राहिला. मी त्यांच्या बुटांकडे बघत होते. मग त्यांनी सरांना नाही, मला विचारलं, "दोघांनी एकदमच वार केला तर मरंल कोन गं? ते काय लिवलेलं नाय."

खरंच नव्हतं.

"वही नेतो, सर," ते म्हणाले. "अभ्यास करंल ती."

घरी आईने गणिताच्या मार्कांवरून चांगलं झापलं, ते वेगळं. पण त्याच संध्याकाळी मी नियम लिहिला: एकदम वार झाला तर दोन्ही लागतात.

पुढे साहेबांचा मुलगाही आमच्याकडे खेळायला येऊ लागला. दुसऱ्याच डावात त्याचा योद्धा मेला, कारण लुटीचं ओझं न टाकता तो कडा चढायला गेला.

"पुस्तकात असं नाही," तो म्हणाला.

"त्या पुस्तकात नाही. ह्यात आहे."

तो रागाने निघून गेला. दोन दिवसांनी परत आला आणि नवा जादूगार घेऊन बसला.

मी अकरावीत गेले तेव्हा साहेबांची बदली झाली. जाण्याआधी तो वही मागायला आला. मी दिली नाही, इथेच बसून उतरव म्हटलं. तीन दुपारी तो आमच्या दारातल्या पायरीवर बसून लिहीत होता. मध्येच म्हणाला, "जखम भरायला सात दिवस फार होतात. मी एकच दिवस लिहू?"

"बाबांचा हात भाजला तेव्हा महिना लागला होता," मी म्हटलं. "सात कमीच आहेत. तुला एक हवा असेल तर तुझी वेगळी वही कर."

त्याने सात उतरवले.