नावेतली मागची जागा

व्हीआरचे खेळ पुढे कुठवर जातील, अशी चर्चा निघाली की मला तो म्हातारा आठवतो.

दुष्काळाचं साल होतं. पुंडलिकनगरात आम्ही टँकरची वाट पाहायचो आणि नव्या मॉलमध्ये जाड चष्मा लावला की आपण नावेत असायचो आणि चहूकडे नदी दिसायची. मी नावेची ती फेरी करून उठलो. माझ्यानंतर गंगापूरकडची एक बाई बसली. शेजारी तिचा म्हातारा, आंधळा नवरा उभा होता.

"लई पाणी हाय हो! बगळे बी हायेत," ती त्याला सांगत होती.

"नाव कोण चालवतंय?"

"कुणी दिसंना."

"मागं बघ की, येडे! मी कुठं बसायचो नावेत?"

तेवढ्यात खेळ संपला. मीही फक्त पुढेच पाहिलं होतं. राहवेना, म्हणून पुन्हा बसलो आणि मागे वळलो. वल्हं होतं, माणूस नव्हता.

"मागं कुणीच नाही, बाबा."

म्हातारा हसला. "म्हंजे जागा रिकामी हाय. बसवा मला."

बाईने पुन्हा चष्मा लावला. तिच्या मागे आम्ही त्याला खुर्ची दिली. त्याने मुठी आवळल्या आणि तो वल्हवू लागला.

"डावीकडं घ्या," बाई ओरडली, "पुढं खडक हाय!"